सायकल न येणाऱ्याची मोझेल

मार्च संपता संपता अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात एक सकाळ अशी उजाडते की सगळं गाव पिवळं झालेलं असतं. गाडी पिवळी, टपालपेटी पिवळी, डेकवरच्या खुर्च्या पिवळ्या, शेजाऱ्यांच्या काळ्या कुत्र्याची पाठसुद्धा पिवळी. पाइनच्या झाडांचे पराग. नवीन आलेला माणूस पहिल्या वर्षी कौतुकाने फोटो काढतो, दुसऱ्या वर्षी ॲलर्जीच्या गोळ्या आणतो आणि तिसऱ्या वर्षापासून नुसता करवादतो. मी कधीचाच तिसऱ्या गटात गेलोय. आज सकाळी गाडीच्या काचेवर वायपर फिरवला, पिवळा चिखल झाला, शिंकांची एक लड लागली, आणि कारण नसताना डावा गुडघा ठणकायला लागला.

कारण नसताना कसं म्हणू? कारण आहे. दोन वर्षांपूर्वी ह्याच पिवळ्या दिवसांत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी सायकल शिकायला घेतली होती.

हे पुण्याच्या माणसाला समजावणं अवघड असतं, आणि माझी बायको मृदुला पुण्याची आहे. तिच्या मते सायकल कुणी शिकत नाही. ती येते, जशी भूक येते. शाळेत सायकल, कॉलेजात सायकल, पुढे एमएस्सी होऊन वनस्पतिशास्त्र शिकवायला लागली तेव्हाही पहिली दोन वर्षं साडीचा पदर खोचून सायकल. मी गिरगावातला. आमच्या घरात माणसं कशीबशी मावत होती, तिथे सायकल ठेवणार कुठे? सायकल असायची ती दूधवाल्याची आणि इस्त्रीवाल्याची. शाळा पायी, कॉलेज बसने, नोकरी लागली तीही बसच्याच रस्त्यावर. सायकलीवाचून माझं आयुष्यात काही म्हणता काही अडलं नाही. अडलं ते थेट अमेरिकेत, जिथे दूध आणायलासुद्धा कुणी सायकलने जात नाही.

झालं असं की दातांच्या डॉक्टरकडे बसलेली असताना मृदुलाने एक प्रवासाचं मासिक चाळलं आणि त्यातलं एक पान तिथल्या स्वागतकक्षातल्या बाईंना विचारून फाडून आणलं. पानावर एक नदी होती. संथ, हिरवट, मोठं वळण घेणारी. दोन्ही काठांना उभ्या चढावर द्राक्षाचे मळे, खाली पांढऱ्या मनोऱ्याचं एक चर्च आणि नदीत एक लांबट, सपाट बोट.

"जर्मनी," ती म्हणाली. "मोझेल नदी. जूनमध्ये मी चाळीस होतेय. मला दागिना नको, महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांना बोलावून पार्टी नको. हे हवं."

मी पानावरची बोट पाहिली, मळे पाहिले, कोपऱ्यातला वाइनचा ग्लास पाहिला आणि "चालेल की" म्हणालो. अमेरिकेत येऊन आठ वर्षं झाली होती आणि तिने स्वतःसाठी असं काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. खालचा बारीक मजकूर मी नंतर वाचला. मार्गदर्शक बरोबर असलेली सायकल सहल होती ती. दिवसभर नदीकाठाने सायकल चालवायची, तोवर बोट पुढच्या गावी जाऊन थांबणार, रात्री बोटीवरच मुक्काम. पूर्वी कोळसा आणि धान्य वाहायची ती बार्ज, आता तिच्यात झोपायच्या खोल्या केलेल्या. ज्यांना सायकल चालवायची नसेल त्यांनी दिवसभर बोटीवर बसावं, असंही शेवटी लिहिलं होतं.

"मग तू बोटीवर बस ना," मृदुला म्हणाली. अगदी सहज, भाजी निवडता निवडता.

ते 'बस' मला लागलं. मी म्हणालो, "कशाला? शिकेन की. तीन महिने आहेत."

आमच्या घराजवळ एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान होतं, त्याची पार्किंगची जागा प्रचंड मोठी आणि रविवारी मोकळी. एका घराच्या गराजमध्ये मांडलेल्या जुन्या सामानातून सायकल मिळाली, निळी, बायकी दांड्याची. "पडलास तर उतरायला सोपी," हे मृदुलाचं स्पष्टीकरण. पडणं तिने आधीच गृहीत धरलं होतं. आमची मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची, ती स्वतःच्या सायकलवर माझ्याभोवती गोल गोल घिरट्या घालायची आणि ओरडायची, "बाबा, जस्ट पेडल! डोन्ट थिंक!"

मला विचार करण्याचाच पगार मिळतो. प्रोग्रॅम चालत नसेल तर मी तो ओळीओळीने वाचतो, चूक कुठे आहे ते शोधतो, दुरुस्त करतो, आणि मग तो चालतो. इथे वाचायला काही नव्हतं. पाय फिरवला की हँडल फिरायचं, हँडल सावरलं की पाय थांबायचा, दोन्ही सांभाळलं की समोर विजेचा खांब यायचा. एवढ्या मोठ्या पार्किंगमध्ये मोजून चार खांब, आणि मी प्रत्येक वेळी त्यांतल्या एकाकडेच जायचो. मृदुला सीट धरून मागे धावायची. "सोडू नकोस हं," मी म्हणायचो. "नाही सोडत," ती म्हणायची, आणि ते शब्द फार लांबून ऐकू यायचे. मागे वळून पाहिलं की पडायचो.

पडलो की अंगभर पिवळी पूड. कोपरांवर, भुवयांत, तोंडात. एकदा मी जमिनीवर बसून शिंकत होतो आणि मृदुला मला हात देण्याऐवजी खाली वाकून डांबरावरून बोटाने पूड उचलून पाहत होती.

"पाइनच्या परागकणाला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात," ती म्हणाली. "दोन छोटे फुगेच. म्हणून इतक्या लांब उडतात हे."

"मृदुला, माझा गुडघा फुटलाय."

"हो, दिसतंय," ती म्हणाली, पण बोट अजून डोळ्यांसमोरच धरलेलं होतं.

मुलाकडे नागपूरहून आलेले एक देशपांडे काका संध्याकाळी हात मागे बांधून फिरायला यायचे. ते थांबून माझा सगळा कार्यक्रम पाहायचे. "खाली कायले पाहून राहिला? समोर पाहा नं," असं म्हणायचे. मी खाली पाहत नव्हतो, मी पडत होतो, पण काकांना कोण सांगणार.

त्या दिवसांत मी सतत चिडलेला असायचो. सायकलवर चिडायचो, मग ज्याने ती विकली त्याच्यावर, मग इरावर, कारण ती एक हात सोडून केळं खात सायकल चालवायची. ऑफिसात एका साध्या मीटिंगमध्ये मी टेबलावर पेन आपटलं. घरी जेवताना एकदम म्हणालो, "ह्या देशात चालायला फुटपाथ नाहीत आणि म्हणे सायकल!" कुणीच सायकलचा विषय काढलेला नव्हता. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःचं शरीर ऐकत नाही ही गोष्ट मला सहनच होत नव्हती. सकाळी दाढी करताना आरशात बघून मी स्वतःलाच विचारायचो, एवढी सोपी गोष्ट? पाचवीतली पोरं करतात ती?

मे अखेरपर्यंत मला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरळ जाता यायला लागलं. वळता येत नव्हतं. समोरून कुणी आलं की मी सायकल सोडून उडी मारायचो. मृदुला म्हणाली, "नदीचा काठ सरळच असतो बहुतेक." तिचं मासिकातलं ते मोठं वळण आम्ही दोघांनीही तेव्हा आठवायचं टाळलं.

जर्मन व्हिसासाठी अटलांटापर्यंत गाडी हाणली. इराला ओळखीच्या कुटुंबाबरोबर पुण्याला आजीकडे पाठवलं. आणि जूनच्या मध्यावर आम्ही मोझेलकाठच्या कोब्लेंत्झला त्या बार्जवर चढलो. खोली एवढीशी, की एकाने बॅग उघडायची तर दुसऱ्याने बिछान्यावर पाय वर घेऊन बसायचं. मंडळी बहुतेक अमेरिकन, निवृत्त, काटक, आमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आणि सायकलसाठी खास चड्ड्या घालून आलेली. मार्गदर्शक उटे नावाच्या उंच बाई होत्या. रोज सकाळी न्याहारीनंतर त्या टेबलावर नकाशा पसरायच्या आणि तर्जनीने त्या दिवसाचा रस्ता दाखवायच्या. न्याहारीतलाच पाव-चीज दुपारसाठी बांधून घ्यायचा असे. मृदुलाने त्यात घरून आणलेली लसणाची चटणी पसरली आणि पहिल्याच दिवशी तीन अमेरिकन बायका तिच्या मैत्रिणी झाल्या.

पहिल्या दिवशी मी खरोखर सायकलवर बसलो. काठाचा रस्ता गुळगुळीत, सपाट, एका बाजूला नदी. मी सरळ चाललो होतो. वाऱ्याचा आवाज कानांत भरत होता आणि क्षणभर वाटलं की येतंय, हे येतंय. तेवढ्यात समोरून एक आई बाबागाडी ढकलत आली. मी वळू शकत नव्हतो. एका घराच्या दगडी भिंतीला सायकल भिडली, मी भिंतीला भिडलो. त्या भिंतीवर जुन्या महापुरांच्या पातळीच्या रेघा कोरलेल्या होत्या; मी त्यांतल्या सर्वांत खालच्या रेघेपाशी बसलो होतो. आईने बाळाला दाखवून काहीतरी म्हटलं आणि बाळ हसलं.

उटेबाई मला म्हणाल्या, "बोटीवरूनही नदी फार सुंदर दिसते हं." इतक्या मायेने म्हणाल्या की आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच उपाय काढला. कुठून तरी दोघांची सायकल मागवली, पुढे एक सीट, मागे एक. हँडल पुढच्याच्या हातात. मागच्याने फक्त पाय फिरवायचे. "तुमच्या पत्नी पुढे, तुम्ही मागे. तोल त्या सांभाळतील. सोपं."

सोपं! मृदुलाच्या पाठीमागे बसून मला रस्ता दिसत नव्हता, फक्त तिची पाठ आणि हेल्मेट. वळण आलं की ती एका बाजूला झुकायची आणि माझं शरीर घाबरून दुसऱ्या बाजूला जायचं. "हलू नकोस!" ती ओरडायची. "नुसता बस! पाय फिरव!" मी म्हणायचो, "डावीकडे गाडी येतेय!" ती म्हणायची, "मला दिसतंय सतीश, मला डोळे आहेत!" "हळू, हळू घे!" "मी घेतेय ना!" एका मळ्याशेजारी रस्ता वळला, ती वळली, मी वळलो नाही. आम्ही दोघंही सायकलसकट खाजऱ्या पाल्यात.

मृदुला उठली. तिच्या हातावर लाल चट्टे उठले होते. हेल्मेट काढून ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुला मागे बसताच येत नाही."

मी म्हणालो, "तसं नाही, ते वळण जरा–"

"नाही, येतच नाही," ती म्हणाली आणि सायकल एकटीने उभी करायला लागली.

तिसऱ्या दिवसापासून मी बोटीवर. बोटीवर माझ्याखेरीज एकच न चालवणारा प्रवासी होता, ओहायोचा वॉल्टर. त्याचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्याची बायको जीन सायकल चालवायची. वॉल्टर भयंकर आनंदी माणूस होता. त्याने मला त्याच्या गवत कापायच्या यंत्राची सगळी हकीकत सांगितली. मग त्याआधीच्या यंत्राची. बोट इतकी सावकाश जायची की काठावरची बदकं आमच्या पुढे जायची. मध्येच नदीला बांध घालून केलेली दारं यायची. बोट दगडी भिंतींच्या खड्ड्यात शिरायची, मागचं दार बंद व्हायचं, आणि मग पाणी वर चढेपर्यंत नुसतं थांबायचं. भिंतीवरचं शेवाळ इंचाइंचाने खाली जायचं. पुढचं दार उघडेपर्यंत बोटीला काही करता येत नाही, माणसालाही नाही. मला ऑफिसची आठवण यायला लागली, ह्याहून वाईट सुट्टी ती काय असणार.

अशाच एका बांधाच्या अलीकडे आम्ही रांगेत थांबलो होतो, पुढे एक मालवाहू बोट होती. डाव्या काठाला मळा सरळ नदीपासून आकाशापर्यंत चढत गेलेला. काळ्या पाटीच्या दगडाचे तुकडे मातीभर पसरलेले, आणि एकेका काठीला एकेक वेल बांधलेली. वॉल्टर दुर्बिणीतून पक्षी शोधत होता. "अरे, ही माझी जीन!" तो म्हणाला. "आणि ती तुझी मिसेस ना?"

मी दुर्बीण घेतली.

सायकली खाली रस्त्याकडेला आडव्या पडल्या होत्या. मळ्याच्या दगडी पायऱ्यांवर आमच्या सहलीतली सगळी हेल्मेटवाली माणसं बसली होती, आणि त्यांच्यापुढे मृदुला उभी. तिच्याशेजारी मळ्यात काम करणारी एक बाई, हातमोजे घातलेली. मृदुलाने वेलीची एक फांदी वाकवून हातात धरली होती. ती बोलत होती. एक हात फांदीवर, दुसऱ्या हाताची दोन बोटं हवेत जवळ येऊन अचानक सुटत होती, काहीतरी गळून पडल्यासारखी. मग ती कुणाला तरी प्रश्न विचारायची, डोकं तिरपं करून उत्तराची वाट बघायची. उत्तर चुकलं असावं, कारण सगळे हसले, आणि उत्तर देणारी जीनच सर्वांत जास्त हसली. मग मृदुलाने प्रत्येकाला वेलीजवळ बोलावलं आणि एकेकाला डोळा अगदी जवळ आणून बघायला लावलं.

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. ती कॉलेजात शिकवायची तेव्हा मी सकाळी लवकर कामावर जायचो आणि तिचं कॉलेज दुपारी असायचं. मी माझ्या बायकोला शिकवताना कधी पाहिलंच नव्हतं.

"शी अ टीचर?" वॉल्टरने विचारलं.

"होती," मी म्हणालो.

"चाळीस वर्षांत जीनने माझं एवढा वेळ ऐकून घेतलेलं नाही," वॉल्टर म्हणाला. मग आमच्यापुढचं दार उघडलं, बोट आत शिरली, आणि भिंती वर आल्या.

त्या संध्याकाळी ती सगळी मंडळी बोटीवर दोन तास उशिरा आली. स्वयंपाकी वैतागला होता, बोटीचा कप्तान काठावर येरझारा घालत होता. मंडळी मात्र खुशीत होती, कुणी मृदुलाला 'प्रोफेसर' म्हणून हाक मारत होतं. जेवण झाल्यावर बाकीचे खाली वाइन चाखायला बसले. जूनमध्ये तिकडे उजेड फार उशिरापर्यंत असतो. आम्ही दोघं डेकवर राहिलो.

"द्राक्षाला फुलोरा आलाय सतीश," ती म्हणाली. तिचा चेहरा उन्हाने तांबूस झाला होता. "एवढंस्सं फूल. त्याच्या पाकळ्या उमलतच नाहीत. खालून सुटतात आणि सगळ्या मिळून टोपीसारख्या गळून पडतात. दरवर्षी मी मुलांना नारायणगावच्या मळ्यात न्यायचे, हे दाखवायला. हा मोसम जेमतेम आठवडाभर असतो."

मी ह्यावर पुष्कळ काही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "ते ठीक आहे, पण वेळेवर यायला काय झालं? सगळे खोळंबले होते."

"सगळे माझ्याबरोबर होते. खोळंबलास तू एकटा."

"मी दिवसभर त्या वॉल्टरबरोबर काढतोय, मृदुला. दिवसभर. तुला कल्पना नाही किती कंटाळा येतो. सगळे पुढे जातायत आणि आपण नुसतं बसायचं, कुणी दार उघडेल तेव्हा पुढे सरकायचं–"

मी थांबलो, कारण ती हसायला लागली होती. ते हसणं चांगलं नव्हतं.

"तीन दिवस झाले तुला," ती म्हणाली. "तीन."

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय, आणि कळलं म्हणूनच मी चिडलो. माझा व्हिसा कामाचा, तिचा माझ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा. त्यावर राहता येतं, गाडी चालवता येते, शिकताही येतं, फक्त पगाराचं काम करता येत नाही. हे आम्हाला येतानाच ठाऊक होतं. दोनच वर्षांसाठी यायचं ठरलं होतं. मग कंपनीने ग्रीन कार्डाचा अर्ज केला, मग तो रांगेत लागला, मग रांग पुढे सरकेना.

"व्हिसा काय मी बनवला?" मी म्हणालो. "कायदा माझा आहे का?"

"नाही."

"मग माझ्यावर कशाला?"

"तुझ्यावर नाहीच." ती रेलिंगला टेकून उभी होती. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सतीश, तुला सायकल येत नाही तर तू तीन महिने चिडलास. टेबलावर पेन आपटलंस, मला सांगितलंस ना तू. इरावर ओरडलास. भिंतीवर आपटलास तर भिंतीवर चिडलास. माझं काम सुटून आठ वर्षं झाली. त्यावर तू एक दिवस तरी चिडलास? मला समजावलंस. बरोबर आहे. 'होईल गं', 'बघू गं', 'बाकीच्यांचंही असंच आहे'. चिडला नाहीस कधी. मला वाटायचं, ह्याला हे दिसतं तरी का?"

खालून ग्लासांचा किणकिणाट आला, मग हसण्याचा. मला खरंच वाटत होतं की मी शांत राहिलो ते तिच्याचसाठी. घरात एकाने तरी डोकं थंड ठेवायला नको का? मी ते तिला सांगितलंही. ती म्हणाली, "मला थंड डोकं नको होतं, जोडीदार हवा होता," आणि खाली गेली.

उरलेले दिवस आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे वागलो. ती सायकल चालवत होती, मी वॉल्टरबरोबर बसत होतो. संध्याकाळी ती काय काय पाहिलं ते सांगायची, मी विचारायचोही. पण पहिल्यासारखं काही नव्हतं. ट्रियरला बोट सोडताना सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मला उटेबाईंनी खांद्यावर थोपटलं, परीक्षेत नापास झालेल्याला थोपटतात तसं.

आता हे सगळं इतक्या तपशिलाने आठवतं ते ह्या पिवळ्या पुडीमुळे. आज सकाळी मृदुला माझ्याआधी निघाली. तिच्या गाडीच्या जागी डांबराचा एक काळा चौकोन राहिला होता, भोवती सगळं पिवळं. दीड वर्षापूर्वी तिने इथल्या विद्यापीठात पुन्हा प्रवेश घेतला. शिकायला व्हिसा आड येत नाही, फी तेवढी आपल्या खिशातून. जे ती फळ्यावर लिहायची तेच आता बावीस वर्षांच्या पोरांमध्ये बसून वहीत उतरवते. कधी घरी येऊन दप्तर सोफ्यावर फेकते. "आज त्याने परागीभवन शिकवलं," परवा म्हणाली, "आणि चुकीचं शिकवलं. मी हात वर केला, त्याला दिसला नाही." ग्रीन कार्डाची रांग आहे तिथेच आहे. तिने हे सांगितलं तेव्हा मी भांडी घासत होतो, हातातलं पातेलं जरा जोरात आदळलं. तिने वळून पाहिलं. मग चहा टाकला.

पण मला सांगायचं आहे ते ह्याआधीचं, परतीच्या दिवसाचं.

जर्मनीहून आलेलं विमान दुपारी उतरलं. परदेशी पासपोर्टवाल्यांची रांग नेहमीसारखी लांब. अशा रांगेत मी नेहमी एक ठरावीक माणूस होतो. कागद क्रमाने लावलेले, शर्ट खोचलेला, आवाज मऊ. खिडकीपलीकडच्या माणसाने नुसती भुवई उचलली तरी मी पुढचा कागद काढून ठेवायचो. घर, नोकरी, मुलीची शाळा, सगळं त्याच्या एका शिक्क्यावर.

आमच्या खिडकीत एक तरुण अधिकारी होता, डोळे झोपाळलेले. माझा पासपोर्ट पाहिला, कुठे काम करता, किती वर्षं, कुठे गेला होतात. मी उत्तरं दिली. मग त्याने मृदुलाचा पासपोर्ट उघडला. "अँड यू, मॅम? व्हॉट डू यू डू?"

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि दर वेळी तिच्याऐवजी मीच उत्तर देतो. 'शी इज माय डिपेंडंट.' तो वाक्प्रयोग सुरक्षित आहे. मी तोंड उघडलंही.

"आय ॲम अ बॉटनिस्ट," मृदुला म्हणाली.

अधिकाऱ्याची झोप उडाली. त्याने व्हिसाचं पान पुन्हा उलटलं. "तुम्ही इथे नोकरी करता?"

"नाही. मला परवानगी नाही."

"मग तुम्ही बॉटनिस्ट नाही."

"आहे," ती म्हणाली. "तुम्ही मी कोण ते विचारलंत. मला फक्त काम करता येत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमची पत्नी इथे काम करते का?"

योग्य उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते मला पाठ होतं. "नो, सर," मी म्हणालो. तिथे थांबायला हवं होतं. पण राग आला, पार्किंगमध्ये खांबावर आदळताना यायचा तसा, आणि तो मला आवरला नाही. "नो. अँड इट इज नॉट राइट. शी इज अ व्हेरी गुड टीचर. शी शुड बी वर्किंग. आठ वर्षं झाली ती घरी बसलीय आणि हे मला अजिबात पटत नाही."

शेवटचं वाक्य मी चक्क मराठीत बोललो होतो.

अधिकारी माझ्याकडे बघत राहिला. मग मृदुलाकडे. मग पुन्हा पासपोर्टकडे. मला इराचा चेहरा दिसला, पुण्याला आजीच्या ओट्यावर बसलेली. मग शिक्का बसल्याचा आवाज आला, आणि आणखी एक. त्याने दोन्ही पासपोर्ट काउंटरवर सरकवले आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "नेक्स्ट."

आम्ही सामानाच्या पट्ट्यापाशी आलो. पट्टा अजून सुरू व्हायचा होता. मृदुलाने माझी बाही घट्ट धरली होती.

"वेडा आहेस का तू?" ती म्हणाली. "अडकवून ठेवलं असतं त्याने आपल्याला! इरा तिकडे, आपण इथे. असं बोलतात?"

"सुरुवात तू केलीस."

"मी हळू बोलले. तू काय केलंस?"

"आवाज चढला होता का माझा?"

"चढला होता. त्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल."

पट्टा सुरू झाला. पहिली बॅग कुणा दुसऱ्याचीच आली. मृदुलाने माझी बाही सोडली नव्हती.

"सतीश," ती म्हणाली, "पुढच्या वेळी जरा आधी चढव."